निळी घोडी कोणाची

ओपल हॅस्किन्सने एका माणसाचा तेहतीस वर्षं द्वेष केला. तो द्वेष तिने जितक्या निगुतीने सांभाळला, तितक्या निगुतीने मी माझी लग्नातली चांदीची भांडीही सांभाळली नाहीत. त्या माणसाचं नाव रँडल पायक. तो अजून जिवंत आहे, म्हणून हे लिहायला मजा येते आहे.

ओपल आणि तिचा नवरा ड्वाइट १९७३ साली वरच्या डोंगरात राहायला आले. टपालखात्याने मोडीत काढलेली एक गाडी, दोन शेळ्या आणि कोंबड्यांचा एक पिंजरा एवढा त्यांचा संसार होता. तोडलेल्या रेडवुडच्या जंगलात उरलेल्या फळ्यांची त्यांनी झोपडी बांधली. आम्ही खाली नदीकाठच्या सपाटीवर राहायचो. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा मॅनी आणि आमच्या जर्सी गाई. आमचे आजे अझोर्स या पोर्तुगीज बेटांवरून इथे दूध काढायला आले होते आणि आम्ही तेच करत होतो. वरचे लोक गांजा पिकवायचे, खालचे लोक दूध. दुकानात वरचे लोक एवढाल्या नळ्या आणि खताची पोती घ्यायचे आणि आम्ही "यंदा टोमॅटो भरपूर दिसतात" असं म्हणायचो. त्यापलीकडे बोलणं नव्हतं.

बोलणं सुरू झालं ते पुराच्या वर्षी. मॅनीचा पाय मोडलेला, गाय अडलेली, जनावरांचा डॉक्टर पुलापलीकडे अडकलेला. ड्वाइट हॅस्किन्स कमरेएवढ्या पाण्यातून चालत आला, शर्ट काढला, गुडघ्यावर बसला आणि वासरू ओढून काढलं. मग आमच्या स्वयंपाकघरात बसून त्याने सोपाश खाल्लं. सोपाश म्हणजे पावावर ओतलेला मांसाचा रस्सा, वरून पुदिना. तीन वाट्या खाल्ल्या आणि म्हणाला, "मिसेस सिल्व्हेरा, हे असं रोज मिळणार असेल तर मी तुमच्या देवावर विश्वास ठेवायला तयार आहे." त्यानंतर तो आमचाच झाला. ओपलला मात्र वेळ लागला. ती उंच, हाडकुळी, तिची मनगटं लाल आणि जीभ धारदार. मी मठाच्या शाळेत शिकलेली म्हणून ती मला "सिस्टर" म्हणायची. आधी चिडवायला, मग सवयीने.

आता त्या झाडाविषयी.

या खोऱ्यातल्या गांज्याच्या एका वाणाला निळी घोडी म्हणतात. थंडी पडली की त्याची पानं निळसर होतात आणि तुऱ्यांना पिकलेल्या द्राक्षासारखा वास येतो. ते मुळात आलं कुठून यावरून या किनाऱ्यावर माणसांनी एकमेकांचे दात पाडले आहेत. कोणी म्हणतं दक्षिणेकडच्या लाटांवर खेळणाऱ्या पोरांनी ते काढलं. रँडल पायक म्हणायचा की त्याने स्वतः अफगाण पहाडातून एक बी बुटात लपवून आणलं. ओपल सांगायची ती हकिगत अशी: ड्वाइटने बंदरावरच्या एका खलाशाकडून एक पुडी घेतली, त्यातल्या बिया अंगणात झटकल्या, कोंबड्यांनी त्या उकरल्या, आणि पाण्याच्या टाकीजवळ एक रोप उगवलं. शेजारच्या करड्या घोडीने कुंपणावरून मान टाकून त्याची खालची पानं खाल्ली आणि दिवसभर तिथेच झोकांड्या देत उभी राहिली. म्हणून नाव निळी घोडी. खलाशाने ते कुठून आणलं, त्या बीचा बाप कोण, कोणालाच ठाऊक नव्हतं. ओपललाही नव्हतं. "मला बापाचं काय करायचंय, सिस्टर?" ती म्हणायची. "तिला वाढवली कोणी आणि तिच्यापायी तुरुंगात गेलं कोण, ते विचार."

हे झाड बियांवर चालत नाही, हे समजून घेतलं पाहिजे. बी धरलं की पोर निघतं, ते आईसारखं असेलच असं नाही. तेच झाड हवं असेल तर त्याची काडी तोडून लावायची, गुलाबाची लावतात तशी. काडीला मुळं फुटली की तीच ती, फक्त अंग नवं. म्हणजे जगात निळी घोडी एकच. सगळ्या काड्या मेल्या की ती संपली.

रँडल पायक हा ड्वाइटचा भागीदार होता. देखणा, गोड बोलणारा, कामाच्या वेळी नेमकी पाठ दुखणारा. १९८५ च्या ऑगस्टात एका दुपारी तो हॅस्किन्सांकडे आला, कॉफी प्यायला, ओपलच्या हातचा ब्लॅकबेरीचा केक खाल्ला, बागेत एक चक्कर मारली आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांची हेलिकॉप्टरं आली. बाग होती मद्रोनाच्या झाडांखाली, वरून दिसणारी नव्हती. तरी ती सरळ तिथेच उतरली. सगळी झाडं कापली, ड्वाइटला बेड्या घातल्या. त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. पायकला काहीच झालं नाही, कारण पायक तोवर राज्याबाहेर पोहोचला होता.

त्याच संध्याकाळी ओपल आमच्या दारात उभी राहिली. हातात अंड्यांची टोपली. अंड्यांखाली ओल्या फडक्यात एक तुटकी फांदी, माणसांच्या बुटांखाली चिरडलेली.

"सिस्टर, तुझ्याकडे रात्रंदिवस वीज असते," ती म्हणाली. "माझ्याकडे ते परत येणार. तुझ्याकडे कोणी येणार नाही. तू देवळात जातेस."

मी मॅनीकडे पाहिलं. मॅनी बूट काढत होता. त्याने एक बूट काढला, दुसरा काढला आणि म्हणाला, "मी काही पाहिलं नाही. फक्त देवळातल्या लुर्देसला दाखवू नका, ती जिरेनियम समजून काडी मागेल."

अशी निळी घोडी आमच्या दूधघराच्या मागच्या खोलीत राहायला आली. तिथे यंत्राची ऊब असायची, दिवा कधी विझायचा नाही, आणि गाईंच्या वासापुढे दुसरा कुठलाही वास टिकत नसे. दिवा सतत चालू असला की हे झाड फुलावर येत नाही, नुसतं हिरवं राहतं. दर काही महिन्यांनी ओपल यायची, नवी काडी लावायची, जुनं जाडं झालेलं झाड गाईंच्या शेणात पुरायची. मी पाणी घालायचे. मी कबुलीला गेले तेव्हा फादरना सांगितलं. त्यांनी विचारलं, "विकतेस?" नाही म्हटलं. "ओढतेस?" नाही म्हटलं. "मग तू एका झाडाला पाणी घालतेस," ते म्हणाले, आणि जाळीपलीकडून जरा थांबून, "गुडघेदुखीवर उपयोग होतो का गं?"

ड्वाइट सुटून आला तो खोकला घेऊन. पाच वर्षं तो खोकत जगला. शेवटच्या हिवाळ्यात त्याने एकदा दूधघरात बसायचं म्हटलं. आम्ही त्याला खुर्ची दिली. तो झाडाकडे बघत बसला आणि ओपलला म्हणाला, "कोणाला देऊ नकोस हं. एकाला दिलीस की ती पायककडे पोहोचेल." ओपल म्हणाली, "माझ्या मढ्यावरून नेऊ दे." १९९४ च्या मार्चात तो गेला. आमच्या दफनभूमीत तो चालला नसता, म्हणून ओपलने त्याला वरच कोंबड्यांच्या अंगणाशेजारी पुरलं. मॅनीने खड्डा खणला.

तोवर ओपलचा राग साधा होता. पायक पळाला, ड्वाइट अडकला, एवढंच. तो खरा पेटला २००१ मध्ये, दाताच्या डॉक्टरकडे. मीच तिला दाढ काढायला घेऊन गेले होते. तिथे बाकावर एक रंगीत मासिक पडलेलं. त्यात पायकची मुलाखत, पायकचा फोटो, डोक्यावर हॅट. हॉलंडमध्ये त्याने निळ्या घोडीचं बी विकून नाव केलं होतं. आणि त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं की छापा पडणार हे त्याला एक दिवस आधी कळलं, तो जिवावर उदार होऊन डोंगरात गेला आणि काडी ओल्या मोज्यात गुंडाळून थर्मासमधून वाचवली. जगात निळी घोडी आज आहे ती त्याच्यामुळे. ड्वाइटचं नाव कुठेच नव्हतं. आणि पुढे आणखी एक वाक्य होतं: खालच्या दूधवाल्या पोर्तुगीजांनी पोलिसांना वाट दाखवली.

ओपलने ते दोनदा वाचलं. मग माझ्या हातात दिलं. मीही दोनदा वाचलं.

"त्याला माहीत होतं," ती म्हणाली. तिच्या गालात कापूस होता, शब्द नीट येत नव्हते. "माझा केक खाल्ला त्याने, सिस्टर. दुसरा तुकडा मागून घेतला. आणि त्याला माहीत होतं. एक शब्द बोलला असता तर ड्वाइट रात्रीतून निघून गेला असता."

"आणि आम्हाला खबरे म्हणाला," मी म्हणाले.

त्या दिवसापर्यंत मला द्वेष हे पाप वाटत असे. त्यानंतर मी ते फादरना सांगायचं बंद केलं.

मॅनी २००३ मध्ये गेला, गाई विकल्या, दूधघरातला दिवा मात्र चालू राहिला. आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो. ओपल रोज सकाळी डोंगर उतरून यायची. झाडाची पानं पुसता पुसता ती पायकला काय काय करता येईल ते मला सांगायची. एकदा तिने ठरवलं होतं की त्याच्या हॉलंडमधल्या शेतावर नराचा पराग सोडायचा. या पिकात नराला जागा नाही, एक नर फुलला की मैलभरातल्या सगळ्या माद्यांचे तुरे बियांनी भरतात आणि मातीमोल होतात. पण त्याने शेजाऱ्यांचंही वाटोळं झालं असतं. "शेजाऱ्यांनी माझं काय वाकडं केलंय?" ती म्हणाली आणि तो बेत सोडला. मला तो बेत जरा आवडला होता.

मग कायदा बदलला. ज्याच्यापायी ड्वाइटची फुप्फुसं गेली ते आता दुकानात काचेच्या बरणीत मिळू लागलं. आणि २०१८ च्या मार्चात रँडल पायक माझ्या व्हरांड्यात येऊन उभा राहिला. पांढरी दाढी, तीच हॅट, सोबत कॅमेरा घेतलेला एक माणूस. ओपल आणि मी मटार सोलत होतो.

"ओपी," तो म्हणाला. "देवा रे, तू अजिबात बदलली नाहीस."

"तू बदललास. तेव्हा तुझ्या तोंडाखाली मान तरी दिसायची."

तो हसला. असली माणसं अपमानावर हसतात, कारण त्यांना तो कौतुकाचा प्रकार वाटतो. त्याने सांगितलं ते थोडक्यात असं. त्याच्याकडची काडी हॉलंडमध्ये केव्हाच मेली होती. इतकी वर्षं तो विकत होता ती तिची पोरं, नाव आईचं. आता दक्षिणेकडच्या एका मोठ्या कंपनीला खरी घोडी हवी होती, तिच्या गोष्टीसकट. जगातलं एकमेव झाड, आणि ते वाचवणारा एकमेव माणूस. आमच्या खोऱ्याच्या उन्हाळी जत्रेत, मंचावर, कंपनी ते जाहीर करणार होती. गावात कोणाच्या तरी तोंडून त्याला कळलं होतं की ओपलने काडी जगवली आहे.

"पाकिटावर तुझंही नाव टाकू," तो म्हणाला.

"आणि ड्वाइटचं?"

पायकने कॅमेरावाल्याला कॅमेरा खाली घ्यायची खूण केली. "ओपी, लोकांना एकच गोष्ट लागते गं. दोन गोष्टी झाल्या की ग्राहक गोंधळतो."

ओपलने शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले, साल बादलीत टाकली. मला वाटलं आता ती उठून त्याच्या थोबाडीत मारणार. ती म्हणाली, "जूनमध्ये ये. पैसे नकोत."

"सही लागेल एक, कागदावर, की बाकी कोणाकडे—"

"सह्या ड्वाइटने केल्या होत्या, पोलिसांच्या कागदांवर. चार वर्षं आत गेला. मी सही करत नाही. हवं तर ये, नको तर चालू लाग."

जूनमध्ये येतो म्हणून निरोप घेताना त्याने तिच्या गालाचं चुंबन घेतलं. तो गेल्यावर ती आत जाऊन गाल साबणाने धुऊन आली.

"तू वेडी आहेस का?" मी विचारलं. "त्याला देणार?"

"त्याला एक देणार," ती म्हणाली. "बाकीच्यांना बाकीच्या देणार."

मग तिने मला समजावलं. झाड मारलं तर पायकच्या पोरांनाच लोक घोडी म्हणत राहणार आणि तो जिंकणार. लपवून ठेवलं तर ओपल मेल्यावर तो येऊन नेणार. त्याला हवी आहे ती एकुलती एक. घोडी सगळ्यांच्या अंगणात असेल तर त्याच्याकडे काय उरलं? एक झाड. आमच्या जत्रेत बायकांचं रोपांचं टेबल असतं, माझ्या सासूच्या वेळेपासून. ज्याच्याकडे जास्तीची रोपं असतील त्याने आणून ठेवायची, टोमॅटो, डेलिया, काहीही. ज्याला हवं त्याने न्यायचं. विकायचं नाही, विचारायचं नाही, आणि कोणालाही नाही म्हणायचं नाही.

"पण ड्वाइट म्हणाला होता, कोणाला देऊ नकोस," मी म्हणाले.

मटार संपले होते तरी ओपलची बोटं रिकाम्या सालींत फिरत होती. "तो म्हणाला होता पायककडे जाईल म्हणून," ती म्हणाली. "आता पायक दारातच आलाय. ड्वाइट माझ्यावर चिडेल तर चिडू दे. त्याच्याशी मी वर भांडीन."

एका घरात सहा झाडांपेक्षा जास्त ठेवायची कायद्याने बंदी आहे. म्हणून घरं पाहिजे होती. मी रविवारी प्रार्थनेनंतर पोर्तुगीज हॉलमध्ये पवित्र आत्म्याच्या मंडळाच्या बायकांना ते मासिक वाचून दाखवलं. मी गांज्याविषयी काही बोलले नाही. मी फक्त ते खबऱ्यांचं वाक्य वाचलं आणि मासिक मिटलं.

लुर्देस अविला मंडळाची अध्यक्ष. तिचा बाप, भाऊ, नवरा, सगळे दूधवाले. तिने चष्मा काढला. "हा माणूस जत्रेला येणार आहे?"

"मंचावर बसणार आहे."

"मला सहा दे," लुर्देस म्हणाली. "आणि माझ्या सुनेला सहा."

मग एप्रिलपासून आम्ही काड्या लावल्या. दुधाचे जुने कागदी डबे अर्धे कापून त्यात, आमच्याच डेअरीचे, वर गाईचं चित्र असलेले. प्रत्येकीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत सहा डबे. एकीच्या मांजराने तीन खाल्ली आणि दोन दिवस कपाटावरून उतरलं नाही. एकीने पाणी घालून घालून कुजवली, ओपलने तिला असं झापलं की बाई रडली, आणि मग तिला पुन्हा सहा दिली. लुर्देस रोपांवर तीर्थ शिंपडायची. तिची सगळ्यात जोमदार झाली हे मी नाकारत नाही.

जूनमध्ये पायक आला, कॅमेऱ्यासकट. ओपलने माझ्या व्हरांड्यात डब्यांनी भरलेला ट्रे मांडून ठेवला होता. "निवड," ती म्हणाली.

"एवढी का?"

"एक जगवायला वीस लावावी लागतात. तू कधी काडी लावली असशील तर तुला ठाऊक असेल."

त्याला ते बोचलं. कॅमेरा चालू होता. त्याने एका रोपाच्या देठावर अंगठा चोळला, नाकाजवळ नेला, डोळे मिटले. डोंगरातले सगळे हेच करतात, देठ चोळून वास घेतला की झाड ओळखता येतं. दुसरं चोळलं, तिसरं चोळलं. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "हीच," तो म्हणाला. "सगळ्या एकच आहेत. हीच ती. मी हिला कुठेही ओळखीन." आणि त्याने गाईचं चित्र असलेला एक डबा उचलून छातीशी धरला. कॅमेरावाला म्हणाला, उन्हात फार सुंदर दिसतंय, ट्रेसकट घेतो.

"घे की," ओपल म्हणाली.

जत्रेच्या दिवशी सकाळपासून आमचं टेबल लागलं होतं. टोमॅटोच्या मागे चादर, चादरीखाली डबे. दुपारी मंचावर वाजंत्री थांबली तसं ओपलने चादर काढली. एकवीस वर्षांखालच्यांना नाही, माणशी एक, फुकट. अट एकच. ती डबा हातात धरायची आणि विचारायची, "कोणाची?" घेणाऱ्याने म्हणायचं, "ड्वाइट हॅस्किन्सची." मगच डबा सुटायचा. वरचे लोक आले, खालचे आले. डोंगरातले दाढीवाले म्हातारे, ज्यांनी या झाडाची नुसती कहाणी ऐकली होती, ते डबा घेऊन बाजूला जायचे आणि देठ चोळून गप्प उभे राहायचे. एक पोलीस डेप्युटी आला, कमरेला पिस्तूल. लुर्देसने क्रॉसची खूण केली. तो म्हणाला, "आईच्या सांधेदुखीसाठी. काय म्हणायचं असतं?"

"ड्वाइट हॅस्किन्सची."

"ड्वाइट हॅस्किन्सची, मॅडम," तो म्हणाला आणि टोपीखाली डबा लपवून गेला.

मंचावर कंपनीची बाई उभी राहिली, पांढरे बूट घातलेली. म्हणाली, आजपासून जगातली एकमेव खरी निळी घोडी आमच्याकडे. पायकने हॅट काढून लोकांना अभिवादन केलं. त्याच्या पुढ्यात चांदीच्या कुंडीत ते रोप होतं. मग मोठ्या पडद्यावर चित्रफीत लागली. माझा व्हरांडा, ऊन, पायकचे ओले डोळे, आणि ट्रे. गाईच्या चित्राचे डबे, ओळीने. पडद्यावरचा पायक म्हणाला, "सगळ्या एकच आहेत. हीच ती."

लोकांनी पडद्याकडे पाहिलं. मग हातातल्या डब्याकडे पाहिलं. हसू मागच्या बाजूने सुरू झालं, जिथे वरचे लोक उभे होते, आणि पुढे सरकत आलं. कोणी डबा डोक्यावर धरला. मग सगळ्यांनीच धरले.

कंपनीची बाई मंचावरून उतरून सरळ आमच्या टेबलाशी आली. एक डबा उचलून फिरवून पाहिला.

"हे काय आहे?"

"निळी घोडी," ओपल म्हणाली. "हवी का? फुकट आहे. फक्त कोणाची ते म्हणावं लागतं."

बाई वळली. "मिस्टर पायक, हे तेच आहे का?"

पायक तिच्यामागे धावत आला होता. त्याने तोंड उघडलं. नाही म्हणावं, तर त्याच्या कुंडीतलं त्याच ट्रेमधलं होतं, सगळ्यांनी आत्ताच पाहिलं होतं. हो म्हणावं, तर शंभर माणसं ते हातात धरून उभी होती. मी आयुष्यात पुष्कळ माणसं गप्प झालेली पाहिली आहेत, मॅनीला शेवटच्या आजारात पाहिलं आहे, पण इतकं समाधान मला कोणाच्या गप्प होण्याने मिळालं नाही. बाईने डबा परत ठेवला, रुमालाने हात पुसला आणि गाडीकडे चालू लागली. चांदीची कुंडी कंपनीची होती, ती त्यांच्या माणसाने उचलली. त्यातलं रोप उपटून मंचावर टाकलं. लुर्देसने ते तिथून झाडून नेलं. ती मंडळाची अध्यक्ष आहे, तिला कचरा दिसला की राहवत नाही.

जत्रा पांगत आली तेव्हा पायक पुन्हा टेबलाशी आला. हॅट हातात होती. टेबलावर एकच डबा राहिला होता, त्यातलं रोप एका बाजूला कललेलं.

"तू स्वतःचंही नुकसान केलंस, ओपी," तो म्हणाला. "तू सुखात म्हातारी झाली असतीस."

"मी आज सुखात आहे."

"मला एक दे. माझ्याकडे काहीच नाही राहिलं."

लुर्देस माझ्या कानात म्हणाली, "देऊ नको म्हणावं." पण टेबलावर नाही म्हणायचं नसतं. ओपलने डबा उचलला आणि धरून ठेवला.

"कोणाची?"

तो पुटपुटला. डबा सुटला नाही. मागे लोक थांबले होते, घरी जायला निघालेले, पोरं खांद्यावर घेतलेले. सगळे बघत होते. ओपल घाईत नव्हती. शेवटी तो म्हणाला, स्पष्ट, जसा एखादा माणूस न्यायालयात म्हणतो, "ड्वाइट हॅस्किन्सची."

तिने डबा सोडला.

गाडीत मी तिला म्हणाले, "कशाला दिलीस? सांगायचं, संपल्या."

"आता त्याला तिला रोज पाणी घालावं लागेल," ओपल म्हणाली. "पाणी घातलं नाही तर मरेल, आणि तिला मरू देईल एवढं त्याचं मन मोठं नाही. मरेपर्यंत तो ड्वाइटचं झाड सांभाळणार." काही वळणं गेल्यावर ती पुन्हा म्हणाली, "तरी पोट भरलं नाही गं, सिस्टर. त्याने आणखी एकदा म्हणायला हवं होतं."

२०२० च्या जानेवारीत ओपल झोपेत गेली. आम्ही तिला वर, ड्वाइटशेजारी पुरलं. खड्डा आता वरच्या आणि खालच्या पोरांनी मिळून खणला. लुर्देसने सोपाशचं पातेलं डोंगरावर चढवलं. निळी घोडी आता या खोऱ्यात जिथे तिथे आहे. काही लोक ती नेपाळहून आली असं सांगू लागले आहेत. मी ऐकून घेते. बापाचं काय करायचंय?

रँडल पायक नदीकाठी एका जुन्या ट्रेलरमध्ये राहतो. त्याच्या खिडकीत एक झाड दिसतं, चांगलं टवटवीत आहे. पेंडीच्या दुकानात तो मला भेटतो.

"घोडी कशी आहे, मिस्टर पायक?" मी विचारते.

"बरी आहे, मिसेस सिल्व्हेरा."

"कोणाची?"

तो दाराकडे बघतो, मग सांगतो. काल आमच्या मागे रांगेत चार माणसं होती. मी कानाशी हात नेला आणि म्हणाले, वयामुळे मला हल्ली एकदा सांगितलेलं ऐकू येत नाही.